समेला दिवा विझला पाहिजे : पुण्यात संगीत, नृत्य आणि नाटक एकत्र शिकताना

मिरजेहून पुण्यात आलो तेव्हा माझ्याजवळ तबल्याची जोडी होती, विशारदचं प्रमाणपत्र होतं आणि कथकच्या वर्गाला साथ करायची तीन वर्षांची सवय होती. नाटकाच्या पहिल्याच तालमीत दिग्दर्शक म्हणाला, "हे वाक्य संपलं की दोन श्वास थांब, मग वाजव." मला तालाच्या मात्रा कळत होत्या. श्वास कळेनात. कुणाचे श्वास? माझे की नटाचे? घाबरलेला माणूस भरभर श्वास घेतो, मग तेव्हा दोन श्वास लवकर संपणार का? त्या दिवशी मी सहा वेळा चुकीच्या जागी थाप मारली. पदवीची पुढची वर्षं मी या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की ओळखीतून फोन येतात. "मुलगी गाते, नाचते, नाटकातही काम करते. सगळं एकत्र शिकवणारी डिग्री आहे का हो पुण्यात?" आहे, आणि ती घेण्याचे एकाहून जास्त मार्ग आहेत. पण फोनवर पाच मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहितो. मुलांसाठी लिहितोय, पालकांनीही वाचावं.

आधी घर ठरवा

अनेक कला एकत्र शिकायच्या असतील तर त्यांतली एक तुमचं घर असली पाहिजे. बाकीच्या कलांकडे तुम्ही पाहुणे म्हणून जाल, तिथे राहाल, जेवाल, भांडालही, पण रात्री झोपायला घरी याल. ज्यांचं घरच ठरलेलं नसतं ती मुलं तीन वर्षांनी थोडं गातात, थोडं नाचतात, थोडा अभिनय करतात, आणि कुठल्याच तालमीत कुणाला त्यांची गरज भासत नाही. हे कठोर वाटेल, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

घर ओळखायचं कसं? "तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण अठराव्या वर्षी सगळंच आवडतं. त्यापेक्षा कोणत्या कलेतला कंटाळा आपल्याला सोसतो ते बघा. वीस मिनिटं नुसती ततकार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, तासभर एकाच रागाचे पलटे, किंवा संहितेचं एकच पान दहा वेळा मोठ्यानं वाचणं. यांतलं कुठलं काम तुम्ही कुणी न सांगता सकाळी सहाला करता? प्रवेशाच्या आधी तीन महिने एका वहीत रोज किती मिनिटं कशाला दिली तेवढं लिहा. कौतुक कुठे झालं, बक्षीस कशात मिळालं, यातलं काही लिहू नका. वही उत्तर देते.

एक व्यवहाराची गोष्ट. शास्त्रीय संगीत किंवा नृत्य हे घर असेल तर पदवीच्या आधीची काही वर्षांची तालीम लागते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात. त्यांतली मध्यमापर्यंतची तयारी असली की पदवीच्या पहिल्या वर्षाचं ओझं पेलतं, असा माझा अनुभव. नाटकाचं तसं नाही. अठराव्या वर्षी कोऱ्या पाटीनं येऊन उत्तम नट, प्रकाशयोजनाकार किंवा रंगमंच व्यवस्थापक झालेली मुलं माझ्या वर्गात होती.

पुण्यातले मार्ग

पहिलं नाव ललित कला केंद्राचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा हा विभाग १९८७ साली सुरू झाला. नाटक, संगीत आणि नृत्य या तिन्हींचं पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण तिथे एकाच छपराखाली मिळतं. विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुल पद्धत बसवण्याचा प्रयत्न हे त्याचं वैशिष्ट्य. तिथे विषय एकच निवडावा लागतो, पण शेजारच्या खोलीतून कथकचे बोल ऐकू येतात, अंगणमंचावर नाटकाची तालीम चालते, आणि चहाच्या टपरीवर गायक, नर्तक, नट एकाच बाकड्यावर बसतात. अभ्यासक्रमात न लिहिलेलं शिक्षण त्या बाकड्यावर होतं. घर पक्कं असलेल्यांना हा मार्ग मी सगळ्यात आधी सुचवतो.

दुसरा मार्ग खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. भारती विद्यापीठात सादरीकरणाच्या कलांचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. लोणी काळभोरच्या एमआयटी एडीटी विद्यापीठात संगीत, नृत्य, नाट्य शिकवतात. लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठाची घडण मुळातच आंतरविद्याशाखीय आहे, म्हणजे अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राबरोबर कलेचे विषय घेता येतात. खासगी संस्थांच्या फीचे आकडे घरी सगळ्यांनी एकत्र बसून बघा. फक्त पहिल्या वर्षाची फी बघू नका, सगळ्या वर्षांची बेरीज करा, त्यात वसतिगृह आणि मेस धरा, आणि मगच निर्णय घ्या. कर्ज काढून नाटक शिकलेल्या मुलाला पदवीनंतर नाटक करायची मुभा राहत नाही.

तिसरा मार्ग जुना आणि आजही चांगला. साध्या महाविद्यालयात मराठी, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान यांतल्या एखाद्या विषयाची पदवी घ्यायची, गुरूकडे तालीम चालू ठेवायची आणि महाविद्यालयाच्या नाट्यसंघात उतरायचं. पुण्यातल्या रंगभूमीची निम्मी माणसं अशीच घडली. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची स्पर्धा १९६३पासून एकांकिकांसाठी आहे. फिरोदिया करंडकात तर एकाच सादरीकरणात नाट्य, नृत्य, गायन, वादन, चित्रकला, मूर्तिकाम असं सगळं गुंफावं लागतं. आंतरविद्याशाखीय हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यातली मुलं या करंडकासाठी रात्र-रात्र जागत आली आहेत.

आणखी एक सोय अलीकडची. विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्ण वेळ अभ्यासक्रम करायची परवानगी दिली. एक प्रत्यक्ष वर्गात, दुसरा दूरशिक्षणानं, असंही चालतं. दोन्ही प्रत्यक्ष असतील तर वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. कागदावर हे छान दिसतं. पण तालमी रात्री असतात आणि रियाज पहाटे, त्यामुळे पहिल्या वर्षी हा उद्योग करू नका.

माहितीपत्रक वाचायचं कसं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची भाषा क्रेडिटची झाली आहे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. मेजर म्हणजे तुमचं घर, मायनर म्हणजे नेहमीचं पाहुणेघर, आणि खुले ऐच्छिक विषय म्हणजे कधीमधी जायच्या जागा.

पालक हमखास चुकतात ते तासांच्या हिशेबात. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरा. चार क्रेडिटचा लेखी विषय आठवड्याला चार तास घेतो, चार क्रेडिटचं प्रात्यक्षिक आठ तास. म्हणून दोन अभ्यासक्रमांची क्रेडिट सारखी असली तरी आठवडा सारखा नसतो. हातात पेन घ्या आणि पहिल्या सत्रातल्या प्रत्येक विषयासमोर आठवड्याचे तास लिहा. स्वतःच्या रियाजाचे रोजचे दोन तास त्यात मिळवा, कारण ते क्रेडिटमध्ये मोजले जात नाहीत.

विभागात जाऊन विचारायचे प्रश्न मी मुलांना लिहून देतो. दुसऱ्या विभागाचा विषय घेतला तर वर्ग खरंच त्या विभागातल्या मुलांबरोबर होतो, की मायनरवाल्यांचा वेगळा सोपा वर्ग असतो? तालमीची खोली संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, किल्ली कुणाकडे असते? वर्षाला किती प्रयोग बाहेरच्या प्रेक्षकांसमोर होतात? साथीदार विभाग देतो की मुलीनं स्वतः आणायचा? नृत्याच्या खोलीची जमीन लाकडी आहे की फरशीची? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण फरशीवर रोज तीन तास ततकार करून गुडघे दुखवून घेतलेल्या दोन मुली माझ्या ओळखीत आहेत. जमिनीला हात लावून बघा.

ऑडिशन

परीक्षकांना अठराव्या वर्षीचा तयार कलावंत नको असतो. शिकवता येईल असं माणूस हवं असतं. म्हणून दोन गोष्टी तयार करा, एक घरची, एक पाहुण्याची. घरची गोष्ट साधी आणि स्वच्छ असू द्या. गाणारीनं अवघड राग दाखवण्यापेक्षा भूपात किंवा यमनमध्ये स्वर नीट लावावेत. पाहुण्याच्या कलेत धाडस करा. नर्तकी असाल तर दोन मिनिटांचं स्वगत म्हणा, नट असाल तर एक अभंग गा, बेसूर झालात तरी शेवटपर्यंत गा. परीक्षकांनी मध्येच थांबवून "हेच आता म्हातारा होऊन करून दाखव" असं सांगितलं तर आनंद माना. ते तुम्हाला शिकवून बघताहेत.

मुलाखतीत "हाच विषय का?" असं हमखास विचारतात. लहानपणापासून आवड आहे हे उत्तर सगळेच देतात. तुम्ही अलीकडे पाहिलेल्या एका प्रयोगातला एक क्षण सांगा. कुठे पाहिला, तिथे प्रकाश कसा होता, कोण गप्प होतं, तुम्हाला काय कळलं नाही. काय कळलं नाही ते सांगणारी मुलं परीक्षकांच्या लक्षात राहतात.

राहणं, रियाज आणि शेजारी

यावर कुणी बोलत नाही, आणि बाहेरगावची मुलं इथेच अडकतात. वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर औंध, बोपोडी, खडकी, शिवाजीनगर या बाजूला कॉट बेसिसवर खोली बघावी लागते. घरमालकाला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा, "काका, मी तबला वाजवतो, सकाळी सहा ते आठ." लपवून राहायला गेलात तर दुसऱ्या महिन्यात खोली सोडावी लागते. माझ्यावर ती वेळ आली, आणि तीही परीक्षेच्या आठवड्यात.

सांगूनही अडचण येतेच, म्हणून उपाय सांगतो. तबल्यावर जाड सुती कापड टाकून हाताची तयारी होते. नाद मिळत नाही, पण बोटांचा वेग आणि हाताची ठेवण राखता येते. नर्तकीनं घुंगरू न बांधता, दुमडलेल्या सतरंजीवर फक्त हस्तक (हातांच्या हालचाली) आणि भ्रमरी (गिरक्या) कराव्यात, ततकार विभागात. गायकांसाठी पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा सराव, हा सगळ्यात शांत रियाज, भिंतीपलीकडे फारसा जात नाही. नटांनी पाठांतर चालता चालता करावं. विद्यापीठाचं आवार ४०० एकरांहून मोठं आहे आणि सकाळी त्या झाडांखाली पुटपुटत चालणाऱ्या मुलाकडे कुणी वळून बघत नाही.

दिवसाची आखणी अशी बसते : पहाटे घरच्या कलेचा रियाज, दुपारी वर्ग, संध्याकाळी तालीम, आणि वाचन मध्ये सापडेल तिथे. तालीम रात्री दहाला संपते आणि मेस त्याआधीच बंद झालेली असते. मेसच्या काकूंना सांगून डबा भरून ठेवायला लावा. वडापाववर काढलेलं एक सत्र आवाजात ऐकू येतं, पित्तानं घसा धरतो. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ कशालाही बांधून घेऊ नका.

सगळ्यांची एक भाषा : लय

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हा सराव करून बघा. पहिल्या सत्रात चार जण जमा करा : तबलावाला, नर्तकी, नट आणि प्रकाशाचं काम शिकणारा. सहा दिवस, रोज तासभर.

पहिल्या दिवशी चौघांनी मिळून हातावर त्रिताल धरायचा. सोळा मात्रा, पहिलीवर सम, म्हणजे जिथे आवर्तन सुरू होतं ती जागा, पाचवी आणि तेरावीवर टाळी, नववीवर 'खाली', म्हणजे टाळी न देता हात हवेत उघडायची जागा. गती मिनिटाला साठ मात्रांची, म्हणजे एक आवर्तन सोळा सेकंदांचं. ही गती फार संथ वाटते आणि म्हणूनच घ्यायची. तबलावाल्याला आणि नर्तकीला वाटतं आपल्याला येतंय. नट घाई करतो. प्रकाशवाला टाळी विसरतो. चौघांचे हात खालीला एकदम हवेत उघडले की त्या दिवसाचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी नटानं स्वतःच्या मनातली तीन-चार वाक्यं बोलायची, अगदी साध्या बोलण्यासारखी, तालात न म्हणता. अट एकच, शेवटचा शब्द समेवर पडला पाहिजे. सुरुवातीला नट शेवटचे शब्द ताणतो किंवा गिळतो. मग त्याला कळतं की शेवट सांभाळायचा तर सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवावं लागतं. खालीपासून समेपर्यंत आठ मात्रा, या गतीत आठ सेकंद. आपलं वाक्य आठ सेकंदांचं असेल तर ते खालीला उचलायचं. इतकी वर्षं साथ करताना ही गोष्ट माझी बोटं करत होती. ती शब्दांत मला एका नटाला समजावताना सापडली.

तिसऱ्या दिवशी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं. "तिट कत गदि गन धा" हा तुकडा घ्या. चार मात्रांचे बोल आणि पाचवीवर धा. समेपासून सुरू करा, मध्ये एकेक मात्रा थांबत तीनदा म्हणा. पाच, एक, पाच, एक, पाच अशा सतरा मात्रा होतात आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. नर्तकीनं ही तिहाई पायांनी घ्यावी. मग नटानं तीच तिहाई एका वाक्याची करावी : "आई, दार उघड" हे तीनदा, तेवढ्याच अंतरानं, तिसऱ्या वेळी "उघड" समेवर. ऐकणाऱ्याला ताल कळत नाही, पण अंगावर काटा येतो. का येतो, यावर रात्री चहा पिता पिता बोला.

चौथा दिवस प्रकाशवाल्याचा. आता गती दुप्पट करा, मिनिटाला १२० मात्रा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. तिहाईच्या शेवटच्या धा-ला अंधार व्हायला हवा. पहिल्यांदा तो धा ऐकून बटण दाबतो आणि अंधार उशिरा येतो. मनगटाला वेळ लागतो. शिवाय हॅलोजनच्या दिव्याची तार वीज तोडल्यावरही क्षणभर लाल राहते, एलईडी मात्र तिथल्या तिथे मरतो. त्यामुळे कोणता दिवा आहे हे माहीत असल्याशिवाय ती जागा सापडत नाही. आमच्या हॅलोजनसाठी आम्हाला ती सापडली शेवटच्या "गन"मधल्या "न"वर. तिथे बोट खाली गेलं की बरोबर समेला दिवा विझायचा. ते जमलं त्या रात्री आम्ही चौघं अंधारात एकदम ओरडलो होतो. त्या मुलाला त्याआधी ताल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि आज तो संगीत नाटकांचा प्रकाश सांभाळतो.

पाचव्या दिवशी कामं बदला. नटानं दिवा, नर्तकीनं वाक्य, तबलावाल्यानं पाय. सगळं ओबडधोबड होईल. दुसऱ्याच्या कामात किती मिनिटांत दमायला होतं ते त्या दिवशी कळतं, आणि नंतर तालमीत "एवढं काय अवघड आहे?" हे वाक्य तोंडातून येत नाही.

सहाव्या दिवशी तबला बंद. कुणी मोजायचं नाही, टाळी द्यायची नाही, आणि सम मात्र चौघांनी एकदम गाठायची. मोजायला काही उरलं नाही की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. नर्तकी वळण्याआधी तिची मान हलते. नट बोलण्याआधी त्याचे खांदे किंचित वर जातात. त्या खांद्यांकडे बघत बसलो असताना मला माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. श्वास नटाचे. आणि ते मोजायचे नसतात, बघायचे असतात.

बघायला शिकणं

पुण्यात वर्षभर इतकं काही होत असतं की नुसतं बघत फिरलं तरी दिवस पुरत नाहीत. भरत नाट्य मंदिर, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, १९६८ साली उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर, या जागांची सवय लावून घ्या. प्रत्येक प्रयोगाला जाताना एकच काम घेऊन जा. एक दिवस फक्त पात्रांच्या एक्झिट. एक दिवस फक्त हार्मोनियमवाला. सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून पुण्यात होतो आहे. डिसेंबरमधल्या त्या मैफलींपैकी एक पूर्ण मैफल तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येचे डोळे बघत ऐका. गुरू कुठे निघाले आहेत हे तिला अर्धा क्षण आधी कळलेलं असतं.

जुन्या कामांचाही अभ्यास करा, पण ते कुणी-कुणी मिळून केलं या अंगानं. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकर यांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. चंदावरकर मुळातले सतारवादक. नटांच्या रांगेतून उभा राहणारा माणसांचा पडदा हा त्या नाटकाचा नेपथ्याचा भाग म्हणायचा, नृत्याचा की गाण्याचा? वर्गात हा प्रश्न टाका, दोन तास जातील आणि ते वाया जाणार नाहीत.

दुसरं उदाहरण सुचेता भिडे-चापेकर यांचं. त्यांनी पुण्यात राहून भरतनाट्यम हिंदुस्थानी संगीतावर बांधलं आणि त्या रचनांना नृत्यगंगा म्हटलं. तंजावरच्या भोसले राजांनी, त्यांत दुसऱ्या सरफोजींनी, नृत्यासाठी मराठीत रचना लिहिल्या होत्या. त्या रचनांचा अभ्यास हाही त्यांच्या कामाचा भाग. भरतनाट्यम शिकणाऱ्या कितीतरी मराठी मुलींना हे ठाऊक नसतं की आपल्या नृत्यात आपली भाषा दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर इथून सुरुवात करा.

तालीमवही आणि लेखी पेपर

लेखी विषयांना कलावंत मुलं घाबरतात आणि शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी नोट्स पाठ करतात. ती वेळ येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून तालीमवही ठेवा. डाव्या पानावर घडलेलं : तारीख, कोण आलं, काय ठरलं, काय बदललं. उजव्या पानावर प्रश्न. सत्राअखेर उजवी पानं वाचली की निबंधाचे विषय आपोआप समोर येतात. सामूहिक कामात गुण प्रत्येकाला वेगळे द्यायचे असतात, आणि तुम्ही नक्की काय केलंत याचा पुरावा ही वहीच असते. मोबाइलवर तालमीचं चित्रीकरण जरूर करा, पण त्याला वहीची सर नाही. चित्रीकरणात तुम्ही काय केलंत ते दिसतं, का केलंत ते दिसत नाही.

वाचन नाट्यशास्त्रापासून सुरू करा, पण पहिल्या अध्यायापासून नको. त्याचे ३६ अध्याय आहेत. नर्तकीनं चौथा उघडावा, तिथे १०८ करणं, म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचाली, आहेत. नेपथ्य आणि प्रकाशवाल्यांनी दुसरा, नाट्यगृह कसं बांधावं ते सांगणारा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी २८व्यापासून ३३व्यापर्यंत. मग सगळ्यांनी मिळून सहावा, रसाचा. आपापल्या दारानं आत शिरलं की हा ग्रंथ परका वाटत नाही. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय यासाठी आहेच. वाद्यांवर लिहायचं असेल तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खी दुपार काढा, वही आणि पेन्सिल घेऊन.

पैसे

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे : वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे पुढचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी ती आहे, म्हणून गुरूचं पत्र वेळेत मागून ठेवा. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे, आणि त्यासाठीचे उत्पन्नाचे, जातीचे दाखले गावाहून निघतानाच काढून आणा. पुढे शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत संगीत हा एक विषय आहे, आणि नृत्य-नाट्य मिळून दुसरा. कोणता द्यायचा हे तुमच्या पदव्युत्तर पदवीवर ठरतं, त्यामुळे मेजर निवडतानाच त्याचा विचार करा. शिकताना कमाई हवी असेल तर नृत्यवर्गांना साथ आणि प्रयोगांना बॅकस्टेजचं काम ही दोन कामं शिक्षणाला पूरक आहेत. लग्नसराईतली कामं पैसे चांगले देतात, पण नेमकी परीक्षेच्या दिवसांत येतात.

शेवटच्या वर्षाचा प्रयोग

तारखेपासून मागे मोजत या. बारा आठवडे आधी चमू पक्का करा. चार ते सात माणसं पुरतात, त्यांत एक तरी असं हवं ज्याला रंगमंचावर यायचं नाही. संहिता कुणाची असेल तर लेखकाची लेखी परवानगी लगेच मागा. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. जाहीर प्रयोग करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकलेले प्रयोग रद्द झालेले मी पाहिले आहेत. संगीत वर्गातल्याच कुणाकडून करून घ्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा प्रश्न उरत नाही आणि त्या मुलाचीही परीक्षा होते.

आठ आठवडे आधी प्रयोगाची जागा मोजपट्टी घेऊन मोजा. रुंदी, खोली, विंगेत किती माणसं उभी राहतात, वीज कुठून येते. तालमीच्या खोलीत तेवढाच चौकोन खडूनं आखा आणि त्याबाहेर पाऊल टाकू नका. पाच आठवडे उरले की प्रकाशवाल्याला रोज तालमीला बसवा. दिवे नसतानाही त्यानं टॉर्च घेऊन बसावं. आमच्या वेळी प्रकाशयोजनाकार रंगीत तालमीलाच पहिल्यांदा आला आणि पन्नास क्यू, म्हणजे दिवे बदलायच्या खुणा, एका रात्रीत लिहिले. प्रयोगात त्यातले निम्मे चुकले. दोष त्याचा नव्हता, आम्ही त्याला बोलावलं नव्हतं.

तीन आठवडे आधी अर्धवट प्रयोग बाहेरच्या दहा माणसांना दाखवा. वर्गमित्र नकोत. मेसच्या काकू, खोलीवरचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मित्र, कुणाची तरी आजी. त्यांना आवडलं का हे विचारू नका, "काय झालं ते सांगा" एवढंच म्हणा. आजी ज्या जागी गोष्ट चुकवून सांगेल तिथे तुमचं काम अपुरं आहे. एक आठवडा आधीपासून काहीही नवीन घालायचं नाही, फक्त काढायचं.

प्रयोगाच्या दिवशी तबला दोन तास आधी रंगमंचावर नेऊन ठेवा. दिव्यांच्या उष्णतेनं चामडं ताणतं आणि सूर चढतो, म्हणून लावलेला तबला दिवे पेटल्यावर पुन्हा लावा. नर्तकीनं त्याच जमिनीवर दहा मिनिटं चालून घ्यावं. नटांनी शेवटच्या रांगेत बसलेल्या मित्राशी नेहमीच्या आवाजात बोलून बघावं. मग चौघांनी एकदा, दिवे न लावता, न मोजता, सम घ्यावी.

प्रयोग संपल्यावर उसन्या आणलेल्या वस्तूंची यादी हातात घेऊनच विंगेतून निघा. समई ज्यांची त्यांना, साडी धुऊन, सतरंजी झटकून. परीक्षकांसमोरची तोंडी परीक्षा बहुधा दुसऱ्या दिवशी असते, म्हणून त्या रात्री कितीही उशीर झाला तरी तालीमवहीचं शेवटचं डावं पान भरा : किती वाजता पडदा उघडला, कोणता क्यू चुकला, कुणी सांभाळून घेतलं.